रोज वापरायला जुनी स्पोर्ट्स कार: जी रोज चालली आहे तीच घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रोज येऊन-जाऊन साधारण ४० किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता थांबत-थांबत जाणारा. ऑफिसचं पार्किंग तळघरात आणि तिथला उतार तीव्र. घरात दुसरी एक लहान गाडी आहे, पण आठवड्यातून दोनदा सात वर्षांच्या मुलीला शाळेतून तुम्हालाच आणावं लागतं. यादीत चार जुन्या गाड्या: माझदा एमएक्स-५, टोयोटा जीटी८६, पोर्श बॉक्सटर ९८७ (९८७ हे तिच्या एका पिढीचं नाव) आणि माझदा आरएक्स-८. यातली कोणती घ्यावी आणि घेताना काय बघावं?

मी बावीस वर्षं या कामात आहे. आधी गॅरेजमध्ये इंजिनं उघडायचो, आता बरीच वर्षं लोकांसाठी खरेदीआधीची तपासणी करतो. चारही गाड्यांबद्दल खाली लिहिलंच आहे. पण मॉडेल ठरवण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा: जी स्पोर्ट्स कार आजवर कुणीतरी रोज चालवली आहे, तीच तुम्हाला रोज साथ देईल. कव्हरखाली जपून ठेवलेली, वर्षाला दोन हजार किलोमीटर चाललेली गाडी बघायला देखणी असते, पण रोजच्या वापराला तीच सगळ्यात जास्त त्रास देते.

तीन वर्षांपूर्वी एकाच मॉडेलच्या दोन कूपे (पक्क्या छताच्या, दोन दारांच्या गाड्या) मी एका गृहस्थांसाठी एकाच आठवड्यात तपासल्या. दोन्ही बारा वर्षांच्या. पहिलीचं रनिंग २८ हजार. पेंट आरशासारखा, सीटवर सुरकुती नाही. दुसरीचं १ लाख ३० हजार. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड झिजलेली, पुढच्या बंपरवर खडीचे टवके. पहिली लिफ्टवर चढवली आणि टायरच्या आतल्या बाजूचे आकडे वाचले, तर टायर गाडीइतकेच जुने. नक्षी जवळजवळ नवी, पण नखाने दाबलं तरी रबर दबत नव्हतं. ब्रेक ऑइल काळ्या चहासारखं झालेलं. सस्पेन्शनच्या रबरी बुशांना केसासारख्या बारीक चिरा. रेडिएटरचा होज दाबला की आतून करकरल्यासारखा लागायचा. दुसऱ्या गाडीचे होज बदललेले, बुश बदललेले, क्लच ९० हजारांवर बदललेला, आणि मालकाकडे जाड फाइल, दर पावतीवर तारीख आणि किलोमीटर. मी दुसरी घ्या म्हणालो. त्यांचं मन पहिलीवर बसलं होतं, त्यांनी ती घेतली आणि रोज चालवायला लागले. पाच महिन्यांत रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी फुटली, क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर गळायला लागला आणि इंजिनाची दोन ऑइल सील गेली. यात गाडीचा दोष नव्हता. उभ्या गाडीतलं रबर वाळतं, सीलच्या कडा आकसतात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं, टाकीत जुनं झालेलं पेट्रोल इंजेक्टरमध्ये चिकटा सोडतं. किलोमीटर पडले नाहीत तरी वर्षं पडतातच, आणि सगळी खराबी एकदम उघडी पडते ती गाडी रोज रस्त्यावर आली की.

म्हणून जाहिरातीत रनिंग किती लिहिलंय यापेक्षा मालकाला हे विचारा: मागच्या वर्षभरात ही गाडी किती दिवस आणि कुठे चालली? कामाला जायला चालली असेल तर तुमच्यासाठी ती चांगली बातमी आहे. दोन सर्व्हिसमधलं अंतर नियमित आहे का बघा. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर असं एकसारखं रनिंग फाइलमध्ये दिसलं की माझा निम्मा जीव भांड्यात पडतो. सगळ्या पावत्या एकाच शाईत, एकाच हाताच्या वाटल्या तर सावध व्हा.

आता गाडी बघायला जायचं कसं. आदल्या दिवशी फोनवर स्पष्ट सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर सगळ्यात आधी बोनेटवर तळहात ठेवा. इंजिन मधे किंवा मागे असेल तर एग्झॉस्टच्या टोकाजवळ हात न्या. गरम लागलं तर तपासणी तिथेच थांबवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिनाचे पहिले दहा सेकंद जे सांगतात ते नंतर तासभर चालवूनही कळत नाही. व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारी टायमिंग चेन किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर थकला असेल तर सुरू होताना खडखड येते आणि ऑइलचं प्रेशर चढलं की ती बंद होते. व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल उतरत असेल तर निळसर धुराचा भपका येतो. इथे एक अपवाद लक्षात ठेवा. बॉक्सटरचं इंजिन आडवं असतं, रात्रभर उभ्या गाडीत थोडं ऑइल सिलिंडरमध्ये साचतं आणि सकाळी क्वचित एखादा भपका येतो, त्याने घाबरायचं कारण नाही. धूर रोज येत असेल किंवा गरम इंजिनावरही येत असेल तर ती वेगळी गोष्ट.

मग गाडी थंड असतानाच चालवा, हळू. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना गिअर अडखळतो का, खर्र आवाज येतो का. गिअर अलगद जुळवणारा सिंक्रो झिजलेला असेल तर तो थंड गिअरबॉक्समध्ये सगळ्यात आधी बोलतो, ऑइल गरम झालं की लपतो. क्लचसाठी मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण रेस द्या. काटा झपकन वर गेला आणि गाडीने तेवढा वेग घेतला नाही, तर क्लच घसरतोय.

पाण्याचा काटा मधे आला म्हणजे इंजिन गरम झालं असं बहुतेकांना वाटतं. ऑइल तापायला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, दहा-पंधरा मिनिटं सहज. तोवर रेस ताणायची नाही. ज्यांचा रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा आहे त्यांना मी जास्त ताकदीच्या इंजिनाची गाडी घेऊच नका असं सांगतो, कारण ऑइल कधी पुरतं तापतच नाही. त्यात पेट्रोल आणि पाण्याचा अंश साठत राहतो आणि ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरा साय धरल्यासारखा थर दिसतो. तुमचं एका बाजूचं अंतर २० किलोमीटर आहे. त्यात ऑइल व्यवस्थित तापतं. स्पोर्ट्स कार रोज वापरायला हे अंतर खरंच चांगलं आहे.

थंडीची परीक्षा झाली की गर्मीची घ्या. अर्धा तास चालवल्यावर एसी लावून गाडी पंधरा-वीस मिनिटं जागेवर सुरू ठेवा. फॅन लागतो आणि बंद होतो का, आयडलिंग स्थिर आहे का, एसीची हवा थंड राहते का. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. अनेक गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर राहील असा बसवलेला असतो, पाणी पंधरा अंशांनी वर गेलं तरी हलत नाही. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या कंप्यूटरच्या जोडणीला, लावायचा लहान रीडर बरोबर घ्या आणि खरं तापमान आकड्यात बघा. मग इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. तुमच्या गर्दीच्या रस्त्यावर रोज हेच होणार आहे.

त्याच रीडरवर आणखी एक गोष्ट तपासा, ती विकणारे बऱ्याचदा विसरतात. एरर कोड पुसला की इंजिनाच्या स्वतःच्या चाचण्यांच्या नोंदीही पुसल्या जातात आणि त्या पुऱ्या व्हायला गाडी थोडी चालावी लागते. रीडरवर ‘रेडिनेस’ असा भाग असतो. तिथे निम्म्या चाचण्या अपुऱ्या दिसल्या, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. विचारा का. बॅटरी बदलल्याची पावती दाखवली तर ठीक. उत्तर गोलगोल आलं तर शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासतो म्हणून सांगा.

टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर मी खर्चात धरूनच चालतो. चारही चाकांवर एकच चांगली कंपनी असेल तर मालकाने हात आखडता घेतलेला नाही हे समजतं. मागे महागडे, पुढे कुठलेतरी स्वस्त, हे मला अजिबात आवडत नाही. अशा माणसाने ऑइलही तसंच भरलेलं असण्याची शक्यता असते. टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवा. बाहेरून नक्षी भरपूर आणि आतून तारा दिसायला आलेल्या, असं रुंद टायरच्या गाड्यांत नेहमी दिसतं. कधी फक्त अलाइनमेंट चुकलेलं असतं, कधी सस्पेन्शनचा हात वाकलेला असतो.

गाडी ट्रॅकवर पळवली असेल तर ती वाईटच असं मी म्हणत नाही. ट्रॅकवर जाणारे काही मालक ऑइल दुप्पट वेळा बदलतात. पण ते लपवलेलं असेल तर गाडी सोडून द्या. खुणा बघा: डिस्कवर निळसर झाक आणि बारीक चिरा, कॅलिपरचा रंग जळून फिका, सीट बेल्टच्या आसपास जादा भोकं, टोइंग हुकच्या आट्या झिजलेल्या, टायरच्या खांद्यावर वितळून गोळा झालेलं रबर. इंजिनाचं ट्यूनिंग बदललेली, स्प्रिंग कापून खाली बसवलेली गाडी रोजच्यासाठी घेऊ नका. मूळचं इंजिन, गिअरबॉक्स, क्लच एकमेकांना साजेसे बनवलेले असतात. एकाची ताकद वाढवली की ताण पुढच्यावर जातो आणि तो कधी तुटेल हे कुणालाच सांगता येत नाही.

पेंटची जाडी मोजायचं यंत्र भाड्याने किंवा मेकॅनिककडून मिळालं तर जरूर न्या. कारखान्यातला रंग बहुधा १०० ते १८० मायक्रॉनच्या आत असतो. एकाच पॅनेलवर ३०० दिसलं तर पुन्हा रंगवलंय, हजाराच्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. एक दार रंगवलेलं असणं हा दोष नाही. बोनेटखालचे मुख्य सांगाडे, डिकीचा तळ, दारांची चौकट इथे वेल्डिंग किंवा ठोकाठोकीची खूण दिसली तर मात्र भाव कितीही उतरवला तरी नको.

आता तुमच्या चार गाड्या.

आरएक्स-८ यादीतून काढा. मला ती गाडी मनापासून आवडते. चार खरी माणसं बसतात, तोल अप्रतिम, रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर असलेलं) ९००० आरपीएमपर्यंत शिटीसारखं फिरतं. पण ते इंजिन मुळातच ऑइल जाळत चालतं, कारण आतल्या सील ओल्या ठेवायला ऑइल आत सोडलं जातं. थंड असताना जागा बदलायला दोन मिनिटं सुरू करून बंद केलं तर पेट्रोल आत साचून पुन्हा सुरू न होण्याची भीती असते. तुमचं तळघरातलं पार्किंग आणि गर्दी तिला मानवणार नाही. अव्हरेजही अगदी कमी. सील झिजल्या की गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासायला साधा गेज चालत नाही, रोटरीचाच लागतो. हौसेची दुसरी गाडी म्हणून कुणी घेतली तर मी स्वतः तपासून देईन.

बॉक्सटर ९८७ चालवायला या चारांत सगळ्यात समृद्ध आहे. पुढे एक, मागे एक अशा दोन डिक्या, त्यामुळे सामानाची अडचण येत नाही. वर्ष मात्र नीट बघा. २००८ पर्यंतच्या इंजिनात चेन फिरवणाऱ्या आतल्या दांड्याचं, म्हणजे इंटरमिजिएट शाफ्टचं, बेअरिंग आहे, ते गेलं तर पूर्ण इंजिन जातं. साधारण २००६ पासून मोठं बेअरिंग आलं, ते जास्त टिकतं, पण इंजिन उघडल्याशिवाय बदलता येत नाही. २००९ च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं आणि त्यात तो शाफ्टच नाही. रोजच्यासाठी घ्यायची तर २००९ ते २०१२ मधलीच. आधीची घेत असाल तर ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडायला सांगा. कागदाच्या घड्या एकेक करून उन्हात धरायच्या. चंदेरी बारीक कण चमकले, किंवा लोहचुंबकाला चिकटणारे तुकडे निघाले, तर तिथूनच परत फिरायचं. पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून रेडिएटरपुढे पाला साचलाय का तेही बघा. तो कुजतो आणि एसीचा कंडेन्सर खातो. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत, तो खर्च धरा. आणि सीट दोनच, म्हणजे मुलीला मागे बसवायची सोय नाही.

एमएक्स-५ ही रोज चालवायला सगळ्यात सोपी स्पोर्ट्स कार, असं मी अनेकांना सांगितलंय आणि कुणी परत येऊन तक्रार केलेली नाही. १९८९ पासून तिचा मूळ विचार बदललेला नाही: हलकी गाडी, साधं इंजिन, मागच्या चाकांना ताकद. २०१५ नंतरची तर जेमतेम हजार किलोच्या वर आहे, म्हणून ब्रेक, टायर, क्लच सगळंच जास्त टिकतं. बघायचं ते पाणी. छताच्या मागे पाणी वाहून जायच्या नळ्या असतात. त्या तुंबल्या की पाणी दारांखालच्या पोकळीत उतरतं आणि गंज आतून बाहेर येतो. सीटमागचा गालिचा उचलून खालच्या स्पंजात बोटं खुपसा, ओलसर लागतो का बघा, वास घ्या. बॉक्सटरलाही हीच परीक्षा लावा. बॉक्सटरच्या आधीच्या पिढीत तर अलार्म आणि इमोबिलायझरचं (चोरी रोखणारं) युनिट सीटखालीच होतं, गालिचा भिजला की गाडी सुरूच व्हायची नाही. एमएक्स-५ च्या २०१५ नंतरच्या पिढीतल्या सुरुवातीच्या काही गाड्यांत गिअरबॉक्सची तक्रार होती, म्हणून प्रत्येक गिअरमध्ये रेस सोडून-धरून आवाज ऐका. इथेही सीट दोनच आहेत.

जीटी८६ बद्दल लोक म्हणतात तिला ताकद कमी. २००० सीसी, २०० हॉर्सपॉवर, साडेबाराशे किलोच्या आसपास वजन. ३५०० ते ४५०० आरपीएममध्ये तिचा जोर जरा बसतो, हे खरं आहे आणि गर्दीच्या रस्त्यावर ते जाणवतंही. पण रोजच्या दृष्टीने तिच्यात शहाणपणाच्या बऱ्याच गोष्टी आहेत. टर्बो नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये आणि इनटेकमध्येही सोडलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्हवर कार्बन साचायचा त्रास कमी. चारही टायर एकाच मापाचे, २१५/४५ आर१७, म्हणजे कुठेही मिळणारे आणि फिरवून लावता येणारे. छत पक्कं, आणि मागे दोन लहान सीट. मागची सीट पाडली की डिकी चांगली मोठी होते. २०१२-१३ च्या गाड्यांना व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल होता, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या होत्या. त्या कामासाठी इंजिन बरंच उघडावं लागतं आणि जोड बंद करायचा सीलंट जास्त लागल्याने नंतर इंजिन बिघडल्याच्या तक्रारीही झाल्या. तेव्हा काम झालंय का, आणि झाल्यानंतर गाडी किती चालली, हे दोन्ही विचारा. काम होऊन वीस हजार किलोमीटर निर्वेध झाले असतील तर काळजी नको. क्लच सोडलेला असताना बारीक चिवचिव येत असेल तर ते क्लचचं रिलीज बेअरिंग, ते भावात धरून घ्या.

पैशांचं एवढंच सांगतो: ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा बाजूला ठेवा आणि उरलेल्यात गाडी शोधा. पहिल्याच आठवड्यात सगळी ऑइलं, ब्रेक ऑइल, कूलंट, प्लग, फिल्टर बदला, मागे कुणी काय सांगितलंय त्याकडे न बघता. तिथून तुमची स्वतःची फाइल सुरू होते.

तुमच्या जागी मी २०१४ नंतरची, कुणीतरी रोज कामाला नेलेली, एकही बदल न केलेली जीटी८६ शोधेन. शाळेचं काम दुसऱ्या गाडीवर टाकता येत असेल, तर एमएक्स-५ तिच्या आधी बघा. सौदा करण्याआधी मालकाला विनंती करून गाडी तुमच्या तळघराच्या उतारावर एकदा न्या. वर चढताना मधेच थांबून पुन्हा उचला, खाली उतरताना पुढच्या बंपरची खालची कड घासते का ऐका. आणि जीटी८६ बघायला मुलीला बरोबर घेऊन जा. तिला मागे बसवून बेल्ट लावा, तुमची सीट रोजच्या जागेवर आणा आणि शाळा ते घर एवढं अंतर चालवा. उतरल्यावर तिला विचारा गुडघे दुखले का. ती नाही म्हणाली तर मला गाडीचं वर्ष, रनिंग आणि फाइलमधल्या शेवटच्या तीन पावत्या पाठवा, मी बघतो.